पंचांगातली दोन घड्याळे



आपल्या कार्यक्षेत्रात बहुतेक घरी भिंतीवर कॅलेंडर असते आणि देव्हाऱ्याजवळ पंचांग असते. दोन्हींचा वापर रोज होतो. तरीही काही प्रश्न दरवर्षी नव्याने विचारले जातात. "औंदा नागपंचमी लांबली, मग उसाची लागण पण लांबवायची का?" "मृगाचं वाहन बेडूक आहे म्हणतात, पाऊस बक्कळ होईल ना?" आपल्या पुष्कळ सभासदांची मुले-सुना नोकरीधंद्यासाठी ठाणे, कल्याण, डोंबिवलीकडे स्थायिक झाली आहेत. तिकडून विचारणा होते की, "संकष्टीचा चंद्र तुमच्याकडं आधी आणि आमच्याकडं उशिरा, असं कसं?" या सगळ्या प्रश्नांचे मूळ एकच आहे. पंचांगात एक नव्हे, दोन घड्याळे आहेत. एक चंद्राचे, दुसरे सूर्याचे. कोणते काम कोणत्या घड्याळाने करायचे हे ठाऊक नसले की घोटाळा होतो, आणि शेतीत घोटाळा झाला की तो टनेजमध्ये दिसतो. म्हणून हा विषय आम्ही येथे थोडक्यात मांडत आहोत. उदाहरणे मुद्दाम ठाणे-कल्याणकडची बरीच घेतली आहेत, कारण या दोन्ही घड्याळांचा व्यवहार त्या भागात चांगला दिसतो.

पंचांग म्हणजे काय?

तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण ही पाच अंगे, म्हणून पंचांग. यांतला वार सोडला तर बाकीची चारही अंगे आकाशातल्या चंद्र-सूर्यांच्या जागेवरून काढलेली असतात. सूर्यापासून चंद्र १२ अंश पुढे गेला की एक तिथी पूर्ण होते. असे ३० वेळा झाले की ३६० अंश भरतात आणि चांद्रमहिना संपतो. चंद्राची चाल कधी जलद, कधी मंद असते. त्यामुळे तिथी कधी सुमारे २० तासांत उरकते, तर कधी पावणेसत्तावीस तासांपर्यंत लांबते.

नक्षत्रे २७. प्रत्येकाची लांबी १३ अंश २० कला. चंद्र एका नक्षत्रात साधारण एक दिवस राहतो. सूर्याला तेवढेच अंतर कापायला १३ ते १४ दिवस लागतात. पंचांगात रोजचे म्हणून जे नक्षत्र छापलेले असते ते चंद्राचे. आपण शेतकरी "मृग निघाला", "आर्द्रा लागल्या" म्हणतो ते नक्षत्र सूर्याचे. दोघांची नावे एकच असल्यामुळे पुष्कळांची गल्लत होते, ती होऊ देऊ नये.

चंद्राचे घड्याळ खाडीवर चालते

चंद्राचे घड्याळ फक्त उपासतापासासाठी आहे अशी समजूत असेल तर ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्याकडे बघावे. खाडीत होडी घालायची तर भरती-ओहोटीची वेळ कळली पाहिजे. मुंबई-ठाण्याच्या किनाऱ्यावर त्यासाठी एक सोपा हिशेब आहे. तिथीचा आकडा घ्यायचा, तीनने गुणायचा आणि चारने भागायचा. जे उत्तर येईल तितक्या वाजता भरती. चतुर्थीला ४ गुणिले ३ म्हणजे १२, भागिले ४ म्हणजे ३. तेव्हा तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. पौर्णिमेला आणि अमावास्येला ती अकरा-बाराच्या दरम्यान येते, आणि त्याच दिवसांत उधाणही मोठे असते. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचे. एका भरतीनंतर साडेबारा तासांच्या आसपास दुसरी भरती येते. हा हिशेब ठोकळ आहे, शिवाय खाडीत आत कल्याणच्या बाजूला जावे तसे पाणी आणखी उशिरा चढते. पण कागद-पेन्सिल न घेता, नुसती तिथी विचारून समुद्राची वेळ सांगता येते, ही काही लहान गोष्ट नाही. समुद्राचे पाणी मुख्यतः चंद्र ओढतो, म्हणून तेथे चंद्राचे घड्याळ लागू पडते. आपल्या विहिरीचे पाणी चंद्र ओढत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

आता सणांकडे येऊ. साधारण नियम असा की सूर्योदयाला जी तिथी असेल ती त्या दिवसाची तिथी. तिथी आणि दिवस यांची लांबी सारखी नसल्याने कधी एकच तिथी दोन सूर्योदयांना सापडते, तिला वृद्धी म्हणतात. कधी एखादी तिथी सूर्योदयानंतर सुरू होऊन दुसऱ्या सूर्योदयाआधीच संपते, तिला क्षय म्हणतात. पाडव्याच्या दिवशी सकाळी निघणारी नववर्ष स्वागतयात्रा आज महाराष्ट्रभर दिसते. तिची सुरुवात १९९९ साली डोंबिवलीच्या श्रीगणेश मंदिर संस्थानाने केली. २०२६ सालचा पाडवा १९ मार्चचा. त्या दिवशी डोंबिवलीत सूर्योदय पावणेसातच्या सुमारास, आणि त्या वेळी तिथी अजून अमावास्याच. प्रतिपदा लागते ती सातला सात-आठ मिनिटे कमी असताना, आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत ती संपतेसुद्धा. म्हणजे ही पाडव्याची तिथी एकाही सूर्योदयाला नाही. मग पाडवा करायचा नाही का? अशा वेळी ज्या दिवशी ती तिथी येऊन जाते तोच दिवस धरायचा, हे शास्त्रकारांनी आधीच ठरवून ठेवले आहे. क्षय म्हणजे अशुभ काही नव्हे, तो फक्त वजाबाकीचा प्रकार आहे.

गाव बदलले की वेळ बदलते

जुन्या पंचांगात वेळा घटका-पळांत असत. सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत ६० घटका. एक घटका २४ मिनिटांची, तिचे ६० भाग म्हणजे पळे, आणि दोन घटकांचा एक मुहूर्त, म्हणजे ४८ मिनिटे. हे मोजमाप ज्याच्या त्याच्या गावच्या सूर्योदयापासून चाले. प्रत्येक गावाचे स्वतःचे घड्याळ होते म्हणा ना.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली आणि पुढल्याच वर्षी ती कल्याणपर्यंत पोचली. गाडीला प्रत्येक स्टेशनची वेगळी वेळ चालत नाही. पुढे १ जानेवारी १९०६ पासून देशाला एक प्रमाणवेळ मिळाली. मुंबईने मात्र आपली वेगळी वेळ १९५५ पर्यंत टिकवली. ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होती. यामागचे कारण साधे आहे. प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची. ठाणे ७३ अंशांच्या जरासे अलीकडे. एका अंशाला ४ मिनिटे या हिशेबाने ठाण्याला सूर्य डोक्यावर येतो तो सरासरी १२ वाजून ३८ मिनिटांनी. सोलापूर पूर्वेला जवळजवळ ७६ अंशांवर, म्हणून तिथे हेच १२ वाजून २६ मिनिटांच्या सुमारास घडते. चंद्रोदयाचेही तसेच. सोलापूरकडच्या सासूबाईंना संकष्टीचा चंद्र दिसल्यावर डोंबिवलीच्या सूनबाईंनी दहा-बारा मिनिटे आणखी कळ काढायची, यात पंचांगकर्त्याची चूक नाही. म्हणून कॅलेंडरात गावोगावच्या चंद्रोदयाच्या वेळा वेगळ्या छापतात.

याच कारणाने कधी कधी सणाचा दिवससुद्धा प्रांताप्रांतात वेगळा येतो. २०२४ च्या दिवाळीत लक्ष्मीपूजन ३१ ऑक्टोबरला की १ नोव्हेंबरला, यावर बरीच चर्चा झाली. अमावास्या १ तारखेला संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास संपली. ठाण्याला त्या दिवशी सूर्यास्त सहा वाजून पाच मिनिटांच्या आसपास होता. म्हणजे दोन्ही संध्याकाळी प्रदोषकाळी अमावास्या होती. अशा वेळी दुसरा दिवस घ्यावा या नियमाने महाराष्ट्रातल्या पंचांगांनी १ नोव्हेंबर धरला.

अधिक महिना आणि उसाची लागण

आता आपल्या मुख्य मुद्द्याकडे येऊ. बारा चांद्रमहिने म्हणजे सुमारे ३५४ दिवस. सूर्याचे, म्हणजे ऋतूंचे वर्ष ३६५ दिवसांचे. दरवर्षी अकरा दिवसांची तूट पडते. ती तशीच पडू दिली तर दिवाळी उन्हाळ्यात यायची. म्हणून जवळजवळ तेहतीस महिन्यांनी एक महिना जादा धरतात. तो कोणता धरायचा हेही मनाने ठरवत नाहीत. ज्या चांद्रमहिन्यात सूर्य एका राशीतून दुसऱ्या राशीत जात नाही, म्हणजे ज्यात संक्रांतच येत नाही, तो अधिक महिना. १९ वर्षांत असे ७ महिने येतात. चंद्राचे घड्याळ सूर्याच्या घड्याळाशी जुळवून घेण्याची ही आपल्या पूर्वजांची पक्की युक्ती आहे.

पण जुळवून घेणे हे टप्प्याटप्प्याने होते, हे विसरू नये. नागपंचमीचेच पाहा. २०२३ साली अधिक श्रावण होता, तेव्हा ती २१ ऑगस्टला आली. २०२४ साली ९ ऑगस्टला, २०२५ साली २९ जुलैला. २०२६ साली अधिक ज्येष्ठ, म्हणून नागपंचमी १७ ऑगस्टला. म्हणजे दोन वर्षे ती अकरा-बारा दिवसांनी अलीकडे सरकते आणि मग एकदम एकोणीस दिवस पुढे उडी मारते.

अडसाली उसाच्या लागणीचा शिफारस केलेला काळ १५ जुलै ते १५ ऑगस्ट. "आम्ही वडिलांच्या वेळेपासून नागपंचमी झाली की लागण करतो" असे म्हणणाऱ्या सभासदाची २०२५ ची लागण अगदी वेळेवर होते. तोच सभासद २०२६ साली नागपंचमीची वाट पाहत बसला तर हंगाम उलटून जातो. उशिराच्या लागणीला थंडीपूर्वी फुटवे आणि वाढ यांना वेळ कमी मिळतो आणि टनेज घटते. शिवाय लागणीच्या तारखेवरून नोंद होते आणि नोंदीवरून तोडणीचा कार्यक्रम लागतो. पूर्वहंगामी लागण १५ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबर आणि सुरू लागण १५ डिसेंबर ते १५ फेब्रुवारी, यांचेही असेच. ऊस सूर्याच्या उन्हावर आणि उष्णतेवर वाढतो, त्याला अधिक महिना कळत नाही. तेव्हा सण तिथीने करावा आणि लागण तारखेने करावी.

दसरा-दिवाळीचा आपल्या धंद्याशी संबंध येतो तो वेगळ्या अंगाने. २०२५ साली दसरा २ ऑक्टोबरला होता, २०२६ साली तो २० ऑक्टोबरला. तोडणी मजुरांच्या टोळ्या सण आटोपून निघतात आणि पुष्कळ कारखान्यांत दसऱ्याच्या सुमारास बॉयलर अग्निप्रदीपन होते. माणसांची हालचाल चंद्राच्या घड्याळाने आणि उसाची पक्वता सूर्याच्या घड्याळाने, असा हा मेळ दरवर्षी बसवावा लागतो. ज्या वर्षी दिवाळी लांबते त्या वर्षी वाहतूक कंत्राटदार आणि सभासद या दोघांनीही हे आधीच हिशेबात धरावे.

सूर्याचे घड्याळ : पावसाची नक्षत्रे

आपल्या बापजाद्यांनी शेतीसाठी तिथी न घेता सूर्याची नक्षत्रे घेतली, यात मोठे शहाणपण आहे. रोहिणी २५ मेच्या सुमारास, मृग ७ किंवा ८ जूनला, आर्द्रा २१-२२ जूनला, मग पुनर्वसू म्हणजे तरणा पाऊस, पुष्य म्हणजे म्हातारा, पुढे आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त, चित्रा, स्वाती. या तारखा दरवर्षी फार तर एखाद्या दिवसाने हलतात. अधिक महिना आला तरी मृग काही जुलैत जात नाही. अडसालीचा काळ म्हणजे पुनर्वसूची अखेर, पुष्य आणि आश्लेषा. पूर्वहंगामी म्हणजे चित्रा-स्वातीपासून पुढे. नक्षत्रावरून लागण करणारा शेतकरी प्रत्यक्षात तारखेवरूनच लागण करत असतो.

मात्र नक्षत्र लागले म्हणजे सूर्य आकाशात कुठे पोचला एवढेच कळते. पाऊस कधी येणार ते त्यावरून कळत नाही. २०२५ साली मोसमी पाऊस मुंबईत २६ मेलाच पोचला, तेव्हा रोहिणी नक्षत्र नुकते लागले होते. २०२३ साली तो २५ जूनला पोचला, तेव्हा मृग कोरडा जाऊन आर्द्रा चालू होत्या. पंचांग दोन्ही वर्षी बरोबर होते, पण ढग त्याच्या हुकमतीत नसतात.

वाहनाचेही असेच समजावे. वाहन कसे काढतात ते पाहा. सूर्य नक्षत्रात शिरतो त्या वेळी चंद्र कोणत्या नक्षत्रात आहे ते बघायचे. सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचे, आलेल्या आकड्याला नऊने भागायचे आणि जी बाकी उरेल त्यावरून वाहन ठरवायचे. बाकी तीन उरली तर बेडूक, शून्य उरली तर हत्ती. यात वारा, समुद्राची उष्णता, ढग यांपैकी काहीही मोजलेले नाही. शिवाय वाहन साऱ्या मुलखाला एकच. कल्याण-ठाण्याला वर्षात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, माण-आटपाडीकडे पाचशेच्या आसपास. एकच बेडूक दोन्हीकडे कसा ओरडणार? ही गंमत म्हणून वाचायला हरकत नाही, पण त्यावर बियाणे आणि खताचे पैसे लावू नयेत.

हे घड्याळही तपासावे लागते

पंचांग पूर्वी लिहिले ते कायमचे, अशीही समजूत आहे. ती खरी नाही. जुन्या ग्रंथांच्या कोष्टकांवरून केलेले गणित आणि प्रत्यक्ष आकाश यांत शतकानुशतके फरक साचत गेला होता. तो दुरुस्त करण्याचे काम महाराष्ट्रात केरो लक्ष्मण छत्रे यांनी हाती घेतले. १८६५ पासून निघालेले त्यांचे पंचांग पुढे पटवर्धनी पंचांग म्हणून ओळखले गेले. नंतर व्यंकटेश बापूजी केतकरांनी गणिताचे ग्रंथ लिहिले, लोकमान्य टिळकांनी या सुधारणेचा पुरस्कार केला, आणि सोलापूरच्या दाते पंचांगाने असे आकाशाशी जुळणारे पंचांग घरोघरी पोचवले.

याच्याही पुढचा प्रश्न विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी उभा केला. दीक्षित हे मुरुडचे, पेशाने मास्तर. रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे, पुणे अशा ठिकाणी त्यांनी नोकरी केली. त्यांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ १८९६ चा. प्रश्न असा होता. आपण नक्षत्रांचे वर्ष मोजतो, ते ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे २० मिनिटांनी मोठे आहे. वर्षाला २० मिनिटे म्हणजे काहीच नाही असे वाटते. पण ७२ वर्षांत त्यांचा एक दिवस होतो. शिवराज्याभिषेकानंतरच्या साडेतीनशे वर्षांत मृग जवळजवळ पाच दिवस पुढे सरकला आहे. असेच चालले तर दोन हजार वर्षांनी मृग जुलैत लागेल आणि पेरण्या रोहिणीच्याही आधी कराव्या लागतील. म्हणून या मंडळींनी ऋतूंना धरून चालणारे सायन पंचांग काढले. ते लोकांत फारसे रुजले नाही, पण मुद्दा खरा होता.

स्वातंत्र्यानंतर १९५२ साली डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली गेली. नागपूरचे डॉ. के. ल. दफ्तरी आणि 'केसरी'चे माजी संपादक ज. स. करंदीकर हे तिचे सभासद होते. तिच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. हिच्यातले महिने सूर्याचे आहेत आणि ऋतूंना बांधलेले आहेत. १ चैत्र म्हणजे २२ मार्च, लीप वर्षी २१ मार्च. सणांचा श्रावण वेगळा आणि हा श्रावण वेगळा, एवढे पथ्य पाळले की ही दिनदर्शिका आपल्या फार उपयोगाची आहे. अडसालीचा काळ हिच्यात २४ आषाढ ते २४ श्रावण असा येतो, आणि तो दरवर्षी तोच राहतो.

आजही ठाण्याचे दा. कृ. सोमण यांच्यासारखे पंचांगकर्ते व्याख्यानांतून आणि वर्तमानपत्रांतून ही गणिते लोकांना सोप्या भाषेत समजावत आले आहेत. कल्याणच्या पुढे वांगणीला हौशी मंडळी रात्र रात्र जागून आकाशदर्शन करतात, ती तर शहरातल्या दिव्यांपासून दूर जावे म्हणून तिकीट काढून तिथवर येतात.

तेव्हा सभासदांनी काय करावे?

सण, व्रत, मुहूर्त यांसाठी तिथी पाहावी आणि आपल्या जवळच्या गावाची वेळ घ्यावी. लागण, खत, पाणी यांसाठी तारीख किंवा सूर्यनक्षत्र पाहावे. पावसासाठी हवामान खात्याचा अंदाज ऐकावा. लागणीची तारीख त्याच आठवड्यात शेतकी खात्याकडे नोंदवावी आणि नोंदीची पावती जपून ठेवावी.

एक काम मुलांना बरोबर घेऊन करण्यासारखे आहे. मृग लागतो जूनमध्ये, पण त्या वेळी आकाशात मृगाचे तारे शोधून सापडत नाहीत, कारण सूर्यच त्या भागात असतो आणि त्याच्या उजेडात ते बुडालेले असतात. मृग बघायचा तर सुरू लागणीच्या दिवसांत, डिसेंबर-जानेवारीत, रात्री पाण्याची पाळी आली की पूर्वेकडे मान वर करावी. एका रेषेतले तीन ठळक तारे दिसतील, तो मृगाच्या पोटातला बाण. डोंबिवलीच्या नातवंडांना हे तारे दिव्यांच्या झगमगाटातून कसेबसे दिसतात. सुटीला ती गावाकडे आली की त्यांना बांधावर नेऊन दाखवावेत.